जुन्या प्रेशर कुकरचे सुटे भाग बदलताना: रबर, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि भाजल्यावरचे प्रथमोपचार

‘कुकर किती वर्षांचा आहे?’ असे विचारले, तर बऱ्याच घरांत उत्तर लग्नाच्या वर्षावरून मिळते. आहेरात आलेला कुकर पंधरा-वीस वर्षे चालतो. मधे त्याचे रबर बदलते, शिट्टी हरवते आणि दुसरी येते, हँडल तुटते आणि नवे बसते. भांडे तेच राहते, पण त्यावरचे भाग हळूहळू वेगवेगळ्या दुकानांतले होऊन जातात.

कुकरमुळे भाजण्याची कारणे पाहिली, तर बहुतेक वेळा दोष कुकरच्या वयाचा नसतो. चुकीचा बसवलेला भाग, तात्पुरती केलेली दुरुस्ती किंवा वाफ जाण्याआधी उघडलेले झाकण, ही कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात. तिन्ही टाळता येण्यासारखी आहेत. जुन्या कुकरचा कोणता भाग कसा बदलायचा, कोणता कुकर वापरातून काढायचा आणि तरीही कुणी भाजले तर पहिल्या वीस मिनिटांत काय करायचे, याची माहिती या लेखात दिली आहे. पारशिवनी तालुक्यात राहणाऱ्यांसाठी शेवटची माहिती विशेष महत्त्वाची आहे. नागपूरचे मोठे रुग्णालय येथून साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, आणि कोलितमारा किंवा नवेगाव खैरीकडच्या गावांतून त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून घरी केलेल्या पहिल्या उपचारावर बरेच काही अवलंबून असते.

कुकरच्या आत नेमके काय घडते?

उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. त्याखाली कितीही आच वाढवली तरी ते याहून जास्त तापत नाही, त्याची वाफ होत राहते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून तुरीची डाळ लवकर शिजते. हा वाढीव दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतका असतो.

१ किलो ऐकायला कमी वाटते. पण झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे झाकणावर आतून ३०० किलोंहून जास्त जोर असतो. क्विंटलची तीन पोती झाकणावर ठेवल्यावर जेवढा भार होईल, तेवढा हा जोर आहे, फक्त उलट्या दिशेने.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १२० अंशांवरचे पाणी दाबाखाली असते, म्हणूनच ते पाणी राहते. झाकण एकदम निघाले तर दाब क्षणात जातो आणि त्या पाण्याचा काही भाग लगेच वाफ होतो. एक लिटर पाण्यातून अशा वेळी पन्नास लिटरहून जास्त वाफ एकदम बाहेर पडते आणि सोबत डाळ, भात, बटाटे उडवते. चेहरा, मान, छाती आणि हात भाजतात ते यामुळे.

वाफेने भाजणे हे गरम पाण्याने भाजण्यापेक्षा वाईट असू शकते. वाफ त्वचेवर येऊन पुन्हा पाणी होते, तेव्हा तिच्यातली मोठी उष्णता त्वचेत उतरते. घट्ट वरण तर त्वचेला चिकटून बसते आणि भाजतच राहते.

तीन पहारेकरी आणि त्यांची जोडी

फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन याने १६७९ मध्ये लंडनमध्ये दाबाचे पहिले शिजवण्याचे भांडे दाखवले. दाब वाढला तर भांडे फुटेल हे त्याच्याही लक्षात आले होते, म्हणून त्याने वजनाची सुरक्षा झडप बनवली. आजच्या कुकरमध्ये तीच कल्पना आहे, मात्र पहारेकरी एकाऐवजी अनेक आहेत:

- शिट्टी: ठरलेल्या दाबाला उचलली जाते आणि जास्तीची वाफ सोडते. हा रोजचा पहारेकरी.
- सेफ्टी व्हॉल्व्ह: शिट्टीची नळी बंद झाली किंवा कुकरमधले पाणी संपले, तर यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. हा संकटातला पहारेकरी.
- रबर, म्हणजे गॅस्केट: वाफ कडेने जाऊ देत नाही. अनेक कुकरच्या झाकणाच्या काठावर एक खाच असते. दाब फार वाढला तर रबर त्या खाचेतून बाहेर सरकते आणि वाफ सुटते.

हे भाग एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात. एक भाग दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा बसवला की जोडी बिघडते. ‘बसला’ म्हणजे ‘जुळला’ असे नाही, ही गोष्ट जुन्या कुकरबाबत सर्वांत आधी लक्षात ठेवा.

दुकानात जाण्याआधी: कुकर ओळखा

रबर आणायला जाताना बहुतेक जण ‘पाच लिटरचे रबर द्या’ असे म्हणतात. एवढी माहिती पुरत नाही. पाच लिटरच्याच दोन कुकरची रबरे वेगळी असू शकतात. म्हणून आधी पुढील गोष्टी पाहा:

१. झाकण आतून लागते की बाहेरून? काही कुकरचे झाकण तिरके करून आत घालतात आणि वाफेच्या दाबाने ते आतून घट्ट बसते. हॉकिन्सच्या जुन्या कुकरची ही ओळख आहे. काहींचे झाकण वरून ठेवून फिरवतात. प्रेस्टिजच्या अनेक जुन्या कुकरचे झाकण असे असते. आता दोन्ही प्रकार अनेक कंपन्या बनवतात. या दोन प्रकारांची रबरे एकमेकांना चालत नाहीत.

२. कंपनी, मॉडेल आणि लिटर. हे बहुधा हँडलवर, झाकणावर किंवा बुडाशी कोरलेले असते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

३. आयएसआय चिन्ह. घरगुती कुकरसाठी भारतीय मानक आयएस २३४७ आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून हे चिन्ह नसलेला कुकर विकता येत नाही. तुमचा कुकर त्याआधीचा असेल आणि त्यावर चिन्ह नसेल, तर त्याला भाग जोडत बसण्यापेक्षा तो बदलण्याचा विचार करा.

४. नुसते जुने रबर नेऊ नका, झाकणही न्या. जुने रबर वापराने ताणलेले किंवा आखडलेले असते. त्याच्या मापाने आणलेले नवे रबर चुकीचे निघू शकते.

सुटे भाग कंपनीच्या सेवा केंद्रातून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. गावात मिळाले नाहीत तर नागपूरला इतवारीत जाणाऱ्या कुणाकडे झाकणाचा फोटो, मॉडेलचे नाव आणि शक्य असल्यास झाकणच द्या. नुसत्या ‘मोठे रबर’, ‘छोटे रबर’ अशा निरोपावर भाग मागवू नका. त्या मॉडेलचे भाग आता मिळतच नसतील, तर कुकर म्हणून त्याचे आयुष्य संपले असे समजा.

भागानुसार काय पाहाल, कसे बदलाल?

रबर

रबर कडक झाले, त्यावर चिरा दिसल्या, ते सैल होऊन लोंबू लागले किंवा कडेने वाफ जाऊन शिट्टी होईना, की बदला. रोजच्या वापरात साधारण वर्षभराने रबर बदललेले बरे, आणि खराब झाले तर त्याआधीही. नवे रबर धुऊन घ्या आणि पीळ न पडू देता झाकणाच्या काठाला सगळीकडे सारखे बसवा. बोट फिरवून पाहा. कुठेही उंचवटा जाणवू नये.

रबर जरा मोठे आहे म्हणून कापून जोडणे, सैल आहे म्हणून दोरा गुंडाळणे किंवा कडेला कणीक लावणे, हे प्रकार करू नका. जाड किंवा गुंडाळलेले रबर खाचेतून बाहेर सरकू शकत नाही. म्हणजे संकटातली एक वाट तुम्ही स्वतःच बंद केलेली असते.

शिट्टी

शिट्टीचे काम तिच्या वजनावर आणि नळीच्या छिद्रावर चालते. वजन तेच ठेवून छिद्र बदलले तरी दाब बदलतो. समजा एक शिट्टी ४ मिलिमीटरच्या छिद्रासाठी बनवली आहे. ती ३ मिलिमीटरच्या छिद्रावर ठेवली, तर ती उचलण्यासाठी सुमारे पावणेदोन पट दाब लागेल. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. शिट्टी नीट बसते, वाजतेही, फक्त उशिरा वाजते. म्हणून शेजारच्या कुकरची शिट्टी आणून ठेवणे धोक्याचे आहे.

शिट्टीवर पक्कड, वाटी, बत्ता असे कोणतेही वजन कधीही ठेवू नका.

शिट्टीची नळी

हा भाग बदलावा लागत नाही, पण रोज पाहावा लागतो. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसते का ते पाहा. डाळीचे साल, भाताचे शीत किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर नळीत बसतो. बारीक तार किंवा सुई फिरवून नळी साफ करा आणि पाण्याखाली धरा. कुकर चढवण्याआधीचा हा दहा सेकंदांचा तपास घरातल्या प्रत्येकाला शिकवा, मुलग्यांनाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह

सर्वांत जास्त चुका येथे होतात. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की घरात पहिली चिंता ‘आता स्वयंपाक कसा होणार’ ही असते. मग त्या भोकात बोल्ट आवळला जातो, डाग दिला जातो, एम-सील भरले जाते, कधी नाणे ठोकले जाते. कुकर पुन्हा शिट्टी देतो आणि महिनोन्‌महिने काही होत नाही. एके दिवशी नळीत शीत अडकते. त्या दिवशी वाफेला जायला वाटच नसते.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडणे म्हणजे कुकर बिघडणे नव्हे. त्याने आपले काम केले आहे. तेव्हा असे करा:

- गॅस बंद करा आणि कुकर पूर्ण थंड होऊ द्या.
- व्हॉल्व्ह का उडाला ते शोधा. पाणी कमी होते का, नळी बंद होती का, कुकर काठोकाठ भरला होता का?
- त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह घ्या. जुन्याला डाग देऊन वापरू नका.
- व्हॉल्व्हची आतली आणि बाहेरची बाजू ठरलेली असते. जुना काढण्याआधी फोटो काढा. खात्री नसेल तर विक्रेत्याकडूनच बसवून घ्या.
- वॉशर असेल तर तोही नवा घाला.

हँडल आणि कडी

हँडलचा स्क्रू ढिला असेल तर वरचे आणि खालचे हँडल एका रेषेत येत नाही. मग झाकण पूर्ण लागल्यासारखे वाटते, पण लागलेले नसते. शिवाय गरम कुकर उचलताना हँडल निसटले तर पायावर आणि जवळच्या मुलावर सांडते. स्क्रू आवळा. हँडल तडकले असेल तर बदला, तार बांधून वापरू नका.

कोणता कुकर दुरुस्त करू नये?

- बूड फुगून गोल झाले आहे.
- काठाला पोचा आला आहे किंवा तो ठोकून सरळ केला आहे.
- आतल्या धातूला खोल खड्डे पडले आहेत.
- झाकण अडकणारे ओठ झिजले आहेत आणि झाकण डगमगते.
- कुकर एकदा कोरडा जळून वेडावाकडा झाला आहे.

हे दोष कोणत्याही नव्या भागाने जात नाहीत. असा कुकर मोडीत द्या, आणि झाकण वेगळे करून द्या, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या चुलीवर चढणार नाही.

नवा भाग बसवल्यावर पाण्याची चाचणी

नवा भाग बसवल्यानंतर पहिल्यांदा थेट डाळ लावू नका. अर्धा लिटर साधे पाणी घाला, झाकण लावा, शिट्टी ठेवा आणि मध्यम आचेवर चढवा. मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा आणि स्वतःही दोन पावले दूर उभे राहा. पाहायचे ते हे: कडेने वाफ येते का, सेफ्टी व्हॉल्व्हपाशी पाण्याचे थेंब दिसतात का, शिट्टी नेहमीच्या वेळेत होते का? काही मिनिटांत वाफही येत नाही आणि शिट्टीही होत नाही, तर गॅस बंद करा. कुकर थंड झाल्यावर पुन्हा सगळे तपासा. शिट्टी हलवून पाहण्यासाठी तापलेल्या कुकरवर वाकू नका.

रोजच्या वापरात कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. तूर, हरभरा, लाखोळी अशा डाळी, कडधान्ये आणि भात फेसाळून वर येतात, त्यामुळे ते शिजवताना अर्ध्याच्या वर जाऊ नका.

झाकण कधी उघडायचे?

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या. नंतर चिमट्याने शिट्टी किंचित उचला. फुस्स आवाज येत नसेल तरच झाकण काढा. झाकण सहज फिरत नसेल तर आत वाफ आहे असे समजा. वरवंट्याने ठोकून किंवा दोघांनी धरून ते उघडू नका. मुले शाळेतून आली आहेत, पाहुणे ताटावर बसले आहेत, अशा घाईच्या वेळीच हे अपघात होतात. पाच मिनिटे थांबल्याने जेवण बिघडत नाही.

भाजल्यास पहिली वीस मिनिटे

१. आधी माणसाला कुकरपासून दूर न्या आणि गॅस बंद करा.

२. भाजलेल्या जागेवर वाहते थंड पाणी सोडा, पूर्ण २० मिनिटे. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांतच बरे वाटू लागते आणि लोक थांबतात. त्वचेच्या आत उष्णता अजून काम करत असते. चिकटलेली डाळ किंवा भात पाण्याच्या धारेनेच निघू द्या, चोळू नका. उशीर झाला असेल तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

येथे आपल्या भागातली एक अडचण लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी इतके तापते की नळ सोडला तर हात भाजतो. अशा वेळी नळाचे पाणी आधी हातावर पाहा. ते गरम असेल तर माठ, रांजण, विहीर किंवा बोअरचे ताजे पाणी मग्याने सतत ओतत राहा. बर्फ किंवा फ्रिजमधले बर्फगार पाणी वापरू नका. त्याने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम खोल जाऊ शकते.

३. बांगड्या, अंगठी, घड्याळ, गळ्यातले लगेच काढा. थोड्या वेळात सूज येते आणि मग ते निघत नाही. गरम पाण्याने भिजलेले कपडे काढा. त्वचेला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका, त्याच्या भोवतीचा कापा.

४. लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर भाजलेल्या जागेवर पाणी सोडताना बाकीचे अंग कोरड्या कपड्याने झाकून ऊबदार ठेवा. मोठा भाग भाजला असेल तर अंग गार पडू शकते. मूल थरथरू लागले किंवा सुस्त झाले तर पाणी थांबवा, त्याला गुंडाळा आणि निघा.

५. नंतर जखम स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने सैल झाका. कापूस लावू नका, तो चिकटतो.

काय लावू नये? टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, खोबरेल तेल, कणीक, बटाट्याचा कीस, शेण, माती यांतले काहीही नको. यांनी उष्णता आत कोंडते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. रुग्णालयात ते सगळे घासून काढावे लागते, आणि तो त्रास रुग्णालाच होतो. मलमही डॉक्टरांनी जखम पाहिल्यानंतरच लावा.

डोळ्यात वाफ किंवा डाळ गेली तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. झाकण किंवा शिट्टी उडून डोळ्याला मार लागला असेल तर उलटे करा: डोळा धुऊ नका, दाबू नका, त्यावर कागदी कप उपडा ठेवून तो डोळ्याला न टेकता चिकटवा आणि ताबडतोब निघा.

रुग्णालयात कधी जायचे?

भाजलेल्या भागाचा अंदाज घेण्याची सोपी रीत आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे १ टक्का. लहान मुलाचा भाग मोजताना मुलाचाच तळहात धरा, तुमचा नाही.

पुढीलपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका:

- चेहरा, डोळे, मान, हात, पाऊल, सांधे किंवा जननेंद्रियाचा भाग भाजला आहे
- फोड आले आहेत आणि भाग रुग्णाच्या तळहाताहून मोठा आहे
- त्वचा पांढरी, करडी किंवा चामड्यासारखी दिसते आणि दुखत नाही
- आवाज बसला आहे, खोकला किंवा धाप लागली आहे
- रुग्ण पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वृद्ध किंवा मधुमेही आहे
- झाकण उडून डोक्याला मार लागला आहे

न दुखणारी जखम किरकोळ आहे असा समज घातक आहे. खोल भाजले की वेदना कळवणाऱ्या नसाही जळतात, म्हणून दुखत नाही.

मुलांमध्ये १० टक्के आणि मोठ्यांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त भाग भाजला असेल तर शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते आणि सलाइनची गरज पडते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत पाणी सोडणे चालू ठेवा. अशा रुग्णाला खाऊ घालू नका.

पारशिवनीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जाणे चुकीचे नाही. तेथे वेदनाशामक, सलाइन आणि धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन, गरज असेल तर नागपूरला ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ला पाठवता येते. सोबत आधार कार्ड आणि शिधापत्रिका ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मात्र कागद शोधण्यात वेळ घालवू नका, ते मागाहून कुणीही आणून देऊ शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रबर थंड पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवले की पुन्हा चालते. हे चालेल का?
एखाद्या वेळी काम भागते, पण हीच नवे रबर आणण्याची खूण आहे. तो उपाय रोजचा होऊ देऊ नका.

कंपनीचा भाग महाग पडतो. साधा का नको?
सुटा भाग महाग वाटला तरी तो कुकरच्या किमतीचा छोटासा हिस्सा असतो. भाजल्यावर मात्र पट्ट्या, नागपूरच्या खेपा आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च आठवडेच्या आठवडे चालतो. काटकसर करायचीच तर रबर धुऊन, सुकवून, नीट ठेवून त्याचे आयुष्य वाढवा.

फोड फोडावेत का?
नाही. फोडाची त्वचा खालच्या जखमेचे रक्षण करते. फार मोठा किंवा सांध्यावरचा फोड असेल तर त्याचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

डाग राहील का?
वरवरचे भाजले असेल तर साधारण दोन आठवड्यांत भरते आणि बहुधा मोठा व्रण राहत नाही. तीन आठवड्यांहून जास्त लागले तर व्रण जाड होण्याची शक्यता वाढते, म्हणून दोन आठवड्यांत भरण्याची चिन्हे नसतील तर पुन्हा दाखवा. बऱ्या झालेल्या त्वचेला काही महिने उन्हापासून जपा. हात किंवा कोपर भाजले असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम सोडू नका, नाहीतर सांधा आखडतो.

अपघात झालेल्या कुकरचे काय करावे?
तो पुन्हा वापरू नका, पण लगेच फेकूही नका. झाकण, शिट्टी, व्हॉल्व्ह आणि बिल जपून ठेवा. भागातच दोष होता असे वाटत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आज स्वयंपाकाआधी एवढे पाहा

- नळीतून उजेड दिसतो का?
- रबर मऊ आणि अखंड आहे का?
- सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी खरोखर सेफ्टी व्हॉल्व्हच आहे का, की बोल्ट, डाग किंवा एम-सील आहे?
- शिट्टी याच कुकरची आहे का?
- दोन्ही हँडल एका रेषेत येतात का?

पाचपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, किंवा सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरेच काही दिसले, तर आजचे वरण उघड्या पातेल्यात शिजवा. अर्धा तास जास्त लागेल. योग्य भाग आला, पाण्याची चाचणी झाली, की मगच कुकर पुन्हा चढवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. भाजलेल्या रुग्णाच्या उपचारासाठी प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्या.*